सहा बोटं पाणी

तामसीच्या शिक्षक शिबिरात एका पाहुण्या साहेबांनी दोन तास तेलुगूतून हवामान शिकवलं. भाग्यश्री मॅडमच्या वहीत त्यातलं एकच वाक्य उतरलं: बाटली कापा, नरसाळ्यासारखी उलटी लावा, रोज सकाळी पाणी मोजा. बाकीचं डोक्यावरून गेलं. तेलुगू तिला येत होतं, बाजारापुरतं आणि ऑफिसापुरतं. हवेचा दाब आणि ढगांचे प्रकार बाजारात कधी लागत नाहीत. पण बाटलीची गोष्ट तिला आवडली. आपल्या पोरांना जमेल अशी होती.

पोरं एकवीस. पहिली ते पाचवी, मराठी माध्यम, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि शिक्षक दोन: भाग्यश्री आणि मुख्याध्यापक माणिकराव सर. गाव महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, पण हद्दीला लागून, पक्की सडक संपते तिथं. सडक आणि गाव यांच्यामध्ये नाला, आणि नाल्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्यांचा बुटका पूल. पाणी वाढलं की ते पुलाखालून जायचं सोडून वरून जातं. भाग्यश्री रोज आदिलाबादहून बसनं यायची आणि पाचच्या बसनं परत जायची. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबलेले. त्यामुळे शाळा म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरांना डोळ्यांनी बघायला आणि जे दिसलं तेच लिहायला शिकवायचं, एवढं एक वेड तिनं घेतलं होतं.

बाटली मैदानात लावली आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. पट्टीनं मोजायचं ठरलं होतं, पण शाळेतल्या साऱ्या पट्ट्यांची सुरुवातच मोडलेली. एक, दोन, तीन गायब, थेट चारपासून सुरू. मग हर्षदीप नावाच्या चौथीतल्या पोरानं बाटलीला बोटं लावली आणि म्हणाला, ‘‘तीन बोटं.’’ दुसऱ्यानं लावली तर चार. पहिलीतल्या एकीनं लावली तर साडेपाच. कुणाची बोटं खरी यावर अर्धा तास गेला. शेवटी निकाल दीक्षाच्या बाजूनं लागला. ती तिसरीतली, किरकोळ अंगाची, पण बोटं कशी सारखी! आणि ती घाई करायची नाही. डोळा पाण्याच्या रेषेत आणून, श्वास धरून मोजायची. तेव्हापासून शाळेत पाऊस दीक्षाच्या बोटांनी मोजला जाऊ लागला. व्हरांड्याच्या भिंतीवर काळ्या रंगानं महिन्याचे चौकोन आखले होते, त्यात ती रोज खडूनं आकडा लिहायची.

जुलैत तीनदा नाल्याला पूर आला. तिसऱ्या पुराच्या दिवशी दीक्षा भिंतीसमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, पाहा न. जवा जवा सहा बोटं झाले, तवा तवा रपट्यावरून पानी गेलं.’’

भाग्यश्रीला काय आनंद झाला! पुस्तकात नसलेली गोष्ट तिच्या पोरांनी शोधून काढली होती. तिनं वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. माणिकराव सर तर तिच्याही पुढे गेले. निवडणुकीच्या वेळी खोलीवर नंबर टाकायला आलेला लाल ऑइलपेंट उरला होता, तो काढून त्यांनी स्वतःच्या हातानं शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिलं: ‘बाटलीत सहा बोटं पाणी झाल्यास नाल्यावर जाऊ नये.’ शिक्षणाधिकारी आले तेव्हा त्यांनी त्या भिंतीसमोर पोरांना उभं करून फोटो काढला आणि सगळ्या मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, ग्रुपवर टाकला. भाग्यश्रीच्या आईनं तो शेजारणींना दाखवला.

गावानंही ते वाक्य उचललं. पलीकडच्या शेतात जाणारी माणसं शाळेपाशी थांबून हाक मारायची, ‘‘किती बोटं रे?’’ आणि आकडा ऐकून पुढं जायची. आता एक गोष्ट खरी की सहाच्या खाली असलं तर खुशाल जा, असं त्या भिंतीवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. भाग्यश्रीनंही तसं कधी म्हटलं नाही. पण माणसं अर्धं वाचतात आणि उरलेलं आपल्या सोयीनं पुरं करतात. तसं नाही बरं का, हे सांगायचं काम तिचं होतं. ते तिच्या लक्षातच आलं नाही. ती खुशीत होती.

दीक्षाचे आजोबा चंपतआबा. आई-बाप कामाला परभणीकडे, दीक्षा आजी-आजोबांजवळ. नाल्याची नाडी साऱ्या गावात चंपतआबालाच कळायची असं लोक म्हणत. काठावर उभं राहून पाण्यावरचा फेस बघायचा, काडीकचरा किती येतो ते बघायचा, ओंजळीत पाणी घेऊन त्याचा रंग बघायचा आणि सांगायचा, ‘‘घंटाभर थांबा. वरून येऊन राह्यलं.’’ साठ वर्षांत त्याचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री थोडा शिडकावा झाला होता. सकाळी माणिकराव सर मैदानात पोरांची कवायत घेत होते, आणि व्हरांड्यात दीक्षा भिंतीवर आकडा लिहीत होती. शेजारी भाग्यश्री हजेरी घेऊन उभी. चंपतआबा खांद्यावर दोर टाकून आला. पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, बैलांसाठी चारा आणायचा होता.

‘‘काय म्हनते तुई बाटली, माय?’’

‘‘एकच बोट, आबा.’’

‘‘एकच?’’

‘‘मोजून पाह्यलं न दोनदा.’’

आबा हसला. भाग्यश्रीकडे बघून म्हणाला, ‘‘आता काय पाहा लागते मॅडम? साठ वरसं नाल्याच्या तोंडाकडं पाह्यलं. आता आपली नात सांगते, आपून जाचं.’’

हे ऐकून भाग्यश्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोला? तिला वाटलं, याचसाठी आपण शिकलो. तिनं आबाला वाकून नमस्कार केला, तर आबा ओशाळला आणि दोर सावरत निघून गेला.

दुपारी एकच्या सुमाराला पोरं भात खात असताना नाल्याकडून आवाज आला. गावावर ऊन होतं. वरच्या डोंगरात, महाराष्ट्राच्या हद्दीत, पहाटेपासून पाऊस कोसळत होता हे संध्याकाळी बातम्यांत कळलं. नाल्याचं पाणी लाल होऊन आलं आणि रपटा दिसेनासा झाला. शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीनं चंपतआबाला डोक्यावर भारा घेऊन रपट्यावर चढताना बघितलं होतं. त्यानंतरचं तिनं काही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी खाली कोसभरावर, पळसाच्या झुडपात तो सापडला.

ते तीन दिवस भाग्यश्री काय करत होती? काही नाही. काठावर उभी होती. पोहता येत नव्हतं, दोर टाकता येत नव्हता, फोन करायला माणिकराव सर होते. ती नुसती उभी राहिली आणि पाणी बघत राहिली. एक बोट, एक बोट, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दीक्षा बारा दिवसांनी शाळेत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्री व्हरांड्यात आली तर भिंतीवर, आबा गेला त्या मंगळवारच्या चौकोनात एक पुसून सहा लिहिलेलं होतं. अक्षर दीक्षाचं. भाग्यश्रीनं तिला मागच्या खोलीत नेलं.

‘‘दीक्षा, त्या दिवशी किती होतं गं?’’

‘‘सहा.’’

‘‘मी होते ना तिथं?’’

पोरीनं एकदम मॅडमच्या साडीचा काठ धरला. ‘‘आबानं मले इचारलं होतं हे आजीले सांगू नका. कोनालेच सांगू नका, मॅडम. सांगनार नाई म्हना.’’

‘‘तू बरोबर मोजलं होतंस, बाळा. पाऊस तिकडं वर पडला. तुझी काही चूक नाही. चूक असलीच तर माझी.’’

‘‘सांगनार नाई म्हना.’’

‘‘नाही सांगणार,’’ भाग्यश्री म्हणाली. आठ वर्षांच्या पोरीला दुसरं काय म्हणणार? वाटलं, राहू दे एक खोटा आकडा. त्याचं कुणाला काय नडतंय?

तो नडला. त्या सकाळी चंपतआबाशिवाय कुणी आकडा विचारला नव्हता, आणि नंतरच्या धांदलीत भिंतीकडं कुणी बघितलं नव्हतं. सांत्वनाला आलेल्या माणसांनी, येता-जाता थांबणाऱ्यांनी, साऱ्यांनी तो आकडा वाचला. गावानं निकाल दिला: बाटलीनं सहा दाखवले होते, म्हातारा हेकट, ऐकलं नाही, गेला. हर्षदीपला खरं आठवत असावं बहुधा. पण लिहिलेलं ते खरं मानायची सवय त्याला भाग्यश्रीनंच लावली होती.

आणि विठाबाई, चंपतआबाची बायको, ती तर त्या सहा बोटांना धरूनच उभी होती. भाग्यश्री भेटायला गेली तेव्हा म्हातारी रडत नव्हती. चुलीवर चहा ठेवता ठेवता मेलेल्या नवऱ्याला तोंडभर शिव्या देत होती. ‘‘भितीवर लाल रंगानं लिवलं हाय, आंधळ्याले बी दिसंन. पन ऐकंन तो चंपत कसला! जिंदगीभर ऐकलं नाई त्यानं कोनाचं. माहं नाई ऐकलं, शाळेचं नाई ऐकलं. मी आता एकली काय करू, हा इचार केला का त्यानं?’’ असं म्हणत ती पिठाचा डबा उघडायची, बैलांना पाणी दाखवायची, दीक्षाची वेणी घालायची. त्या रागावर तिचं घर चाललं होतं. दीक्षा कोपऱ्यात पाटीवर आकडे गिरवत होती, मान वर न करता. भाग्यश्रीनं चहा घेतला आणि उठली.

आता तिला कळलं की आपण कशात सापडलो. बाटलीवरचा गावाचा भरवसा दुप्पट झाला होता. पूर्वी माणसं आकडा विचारून वर नाल्याकडेही एकदा बघायची, आता तेही सोडलं. पालकांच्या सभेत तिनं खडूनं नाला काढून दाखवला, डोंगर काढला, पाऊस तिकडं पडला तर पाणी इकडं येतं हे सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. ‘‘बराबर हाय मॅडम,’’ एकजण म्हणाला, ‘‘पन आपली बाटली चुकत नाई. पाह्यलं न चंपतआबाचं?’’ तिनं केरोसिन आणून भिंतीवरचं लाल वाक्य घासलं. ऑइलपेंट कसला जातो? फिकटलेल्या अक्षरांवर पोरांनी खडू फिरवून ते पुन्हा ठळक केलं आणि मॅडमकडं शाबासकीसाठी बघितलं. तिनं बाटली काढून कपाटात ठेवली, तर दुसऱ्या दिवशी मैदानात नवी बाटली लावलेली. माणिकराव सर म्हणाले, ‘‘अहो, अख्खा मंडळ आपलं नाव घेऊन राह्यला. तुमाले झालं काय?’’

त्यांना तरी कसं सांगणार? एका माणसाला सांगितलं की गावाला कळणार, गावाला कळलं की विठाबाईला. आणि न सांगावं तर रोज सकाळी कुणीतरी विचारणारच, किती बोटं? रोज बसमध्ये बसून ती हाच हिशेब करायची आणि रोज तो सुटायचा नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा सुरू होती. बाजार भरणार म्हणून गावातली माणसं बैलांसाठी झुली, गोंडे आणायला तामसीला निघालेली. अकराच्या सुमाराला दौलत नावाचा शेतकरी मोटरसायकल घेऊन शाळेसमोर थांबला. टाकीवर एक पोरगा, मागं बायको, तिच्या मांडीवर धाकटी. त्यानं इंजिन बंद न करताच विचारलं, ‘‘किती बोटं रे?’’

‘‘दोन!’’ हर्षदीप व्हरांड्यातून ओरडला. ‘‘जा काका!’’

भाग्यश्री बाहेर आली. पोरं तिच्यामागे आली. गावावर पांढरं ऊन होतं, पण वर डोंगराकडे आभाळ काळं ठिक्कर पडलं होतं, आणि मधूनमधून तिकडून गडगडत होतं.

‘‘दौलतभाऊ, थांबा. वर पाऊस लागलाय.’’

‘‘तिकडं लागला असंन, मॅडम. इकडं दोनच बोटं हाय न.’’

‘‘वरचं पाणी इथंच येतं. मी सभेत सांगितलं होतं.’’

‘‘सांगतलं होतं, सांगतलं होतं,’’ दौलत हसून म्हणाला. माणूस भला, रोज येता-जाता पोरांना चिंचा देणारा. ‘‘पन त्या दिवशी सहा होते, म्हून घात झाला. सहाच्या खाली कवा पूर आला ते सांगा बरं?’’ आणि त्यानं गिअर टाकला. टाकीवरच्या पोरानं पोरांना टाटा केला. रपटा तिथून चारशे पावलांवर.

भाग्यश्री धावत जाऊन गाडीच्या आडवी उभी राहिली. ‘‘त्या दिवशी सहा नव्हते!’’

‘‘म्हंजे?’’

‘‘एकच बोट होतं त्या दिवशी. सहा नंतर लिहिलंय.’’

‘‘कोनं लिवलं?’’ दौलतच्या बायकोनं विचारलं.

भाग्यश्रीचे डोळे दीक्षाकडं वळले. वळायला नको होते. ते वळले आणि सगळ्यांचे त्यांच्यामागे वळले. आणि मग अर्धवट ठेवण्यात काही अर्थ उरला नाही, म्हणून ती भराभर बोलत सुटली. ‘‘चंपतआबांनी विचारलं होतं. दीक्षानं एक सांगितलं. एकच होतं, तिनं अगदी बरोबर मोजलं होतं, मी शेजारी उभी होते. तिची काही चूक नाही. बाटलीला वरचा पाऊस कळत नाही, एवढंच. म्हणून म्हणते, जाऊ नका.’’

दौलतनं गाडी बंद केली. त्याच्या बायकोच्या तोंडून ‘‘अवो माय’’ एवढंच निघालं. दीक्षा व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. ती रडली नाही.

‘‘तुमी म्हनलं होतं, सांगनार नाई,’’ ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि आपल्या जागेवर पाठमोरी बसली. भाग्यश्री तिच्याजवळ जाऊन बसली, पाठीवर हात ठेवला, समजावलं, माफी मागितली. हाताखालची पाठ तशीच ताठ राहिली. त्या दिवशी कुणाला काही शिकवणं झालं नाही.

दौलतची बायको धाकटीला घेऊन गावात परतली होती. तिच्या पोटात ते किती वेळ राहणार? तीनच्या आत विठाबाई शाळेच्या फाटकाशी आली. चालत आली ती नीट, पदर डोक्यावर, हाताला पीठ.

‘‘पोरीनं सांगतलं होतं त्याले?’’

‘‘हो, आजी.’’

‘‘एक बोट म्हून?’’

‘‘हो. आणि ते खरंच होतं. पोरीचं काही...’’

‘‘म्हंजे ऐकलं होतं त्यानं,’’ विठाबाई म्हणाली.

ती फाटकाचा खांब धरून हळूहळू खाली बसली. ‘‘ऐकलं होतं. मी त रोज शिव्या देऊन राह्यली त्याले. सकाळ-संध्याकाळ. ऐकलं नाई, ऐकलं नाई म्हून.’’ एवढे दिवस न आलेलं रडू तिला तिथं आलं. भाग्यश्रीला ते बघवेना आणि तिथून जाताही येईना. माणिकराव सरांनी तांब्याभर पाणी आणलं, ते कुणी घेतलं नाही. बऱ्याच वेळानं म्हातारी उठली. दीक्षा दप्तर घेऊन बाहेर आली होती. आजीनं तिच्याकडं बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. दोघी घराकडं निघाल्या. दीक्षा पुढं, आजी मागं. आजीनं तिचा हात धरलेला नव्हता.

दौलत चारपर्यंत नाल्याच्या काठावर बसून राहिला. डोंगरावरचं आभाळ दोनलाच मोकळं झालं होतं. जो काही पाऊस पडला तो दुसऱ्या अंगाला उतरला असावा. चारनंतर तो शाळेपाशी आला आणि म्हणाला, ‘‘एखाद्या वक्ती येते मॅडम, एखाद्या वक्ती नाई येत. जातो आता, बाजार उठून जाईन.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भाग्यश्रीला बरं वाटलं असतं.

पाचची बस वेळेवर आली. भाग्यश्री खिडकीपाशी बसली. मागं बाजाराला उशिरा निघालेली माणसं उद्याच्या पोळ्याचं बोलत होती. बस रपट्यावर आली तेव्हा तिनं वाकून खाली बघितलं. पाणी पुलाच्या हातभर खालून संथ चाललं होतं, आणि बसची चाकं ओलीसुद्धा झाली नाहीत.